तेविसाव्या झग्याची पाठ

"पाठ कुणी छापत नाही," शिडीनं मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. "मुलगी वळली की तिचं काम संपलं. आपण मान खाली घालायची, पडद्यावर फोटो बघायचा आणि पुढचीसाठी तयार राहायचं. पाठीच्या नादी लागलीस तर पुढचीचा चेहरा गेला म्हणून समज."

शिडी म्हणजे एक गृहस्थ. फॅशन शोचे फोटो काढता काढता केस पिकलेला आणि ते पिकल्याचा भारी अभिमान असलेला. तीन पायऱ्यांची ॲल्युमिनियमची शिडी खांद्यावर टाकल्याशिवाय तो कुठं जात नाही, म्हणून सगळे त्याला शिडीच म्हणतात. तिच्यावर चढला की त्याला जग खाली दिसतं. खाली उतरला तरी ती सवय काही मोडत नाही.

"याआधी काय काढलंयस?"

"पासपोर्टचे फोटो."

आजूबाजूचे चार-पाच जण फिसकन हसले.

"म्हणजे बसलेल्या माणसांचे!" शिडी म्हणाला. "इथं माणूस चालतो बरं का, बाई. 'हलू नका' म्हणून भागायचं नाही."

बावीस वर्षं माझा स्टुडिओ आहे. एक पांढरा पडदा, एक स्टूल, केस विंचरायला एक आरसा. हसरी येतात, रुसलेली येतात, कुणी कायमचं दूर निघालेलं असतं, कुणी नुसतं परवान्यासाठी आलेलं असतं. स्टुलावर बसली की सगळी मला एकाच सुरात एकच ओळ म्हणायला लावतात. हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसू देत, डोळे मिटू नका. खट्. झालं, पुढचे या. तेवढ्यात मी खाली बघून वहीत नंबर लिहिते आणि वर पाहते तेव्हा स्टुलावर दुसरंच कुणी बसलेलं असतं. माणसं येतात, जातात, वहीत नंबर तेवढे राहतात.

अशा बाईनं रॅम्पसमोर कडमडायचं काही कारण नव्हतं. पण साप्ताहिकाचा फोटोग्राफर न्हाणीघरात घसरला, त्याचं मनगट मोडलं, आणि संपादकांना आयत्या वेळी कॅमेरावालं माणूस म्हणून माझ्याखेरीज कुणी आठवेना. "वीस चेहरे आण, आणि शेवटी खुद्द डिझायनरचा एक," ते म्हणाले. "त्यात कसलं आलंय अवघड?" मी नाहीच म्हणणार होते. पासवर नाव वाचलं आणि पास पिशवीत टाकला. शो मखमलचा होता. माझी वहिनी अकरा वर्षं त्याच्याकडे शिवते.

मखमल हे त्याला कारखान्यातल्या बायकांनी दिलेलं नाव. बोलणं इतकं मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आता पांघरूण घालतो की काय. त्याच मऊ आवाजात तो उसवून घातलेली शिवण पुन्हा उसवायला लावतो. येताना बायकांचे फोन दाराशी पत्र्याच्या डब्यात पडतात, जाताना परत मिळतात. कापड बाहेर दिसता कामा नये. आणि मासिकांना सांगतो, "चुण्या माझ्या बोटांतून उतरतात." त्याची बोटं मी पाहिली आहेत. त्यांतून अंगठ्यासुद्धा उतरत नाहीत.

चुण्या उतरल्या होत्या वहिनीच्या बोटांतून. तेविसाव्या नंबरचा झगा. समोरून पाहाल तर करडं पोतं, अक्षरशः पोतं. सगळं काम पाठीवर. मानेपासून टाचेपर्यंत बारीक चुण्या, एकेक हातानं घातलेली, एकेकीच्या पोटात जांभळं अस्तर. बाई उभी असली की पाठ मिटलेली. चालू लागली की उघडते, मिटते, उघडते. खुंटीला टांगून फोटो काढला तर काय दिसणार? टांगलेलं पोतं.

आणि फोटो तर हवाच होता. एका नाटक मंडळीच्या कपडेपटात जागा निघाली होती. तिथल्या बाईंनी वहिनीला दारातच सांगितलं होतं, "शिवणारे फार येतात. तुमचं काम अंगावर चालताना दाखवा, मग आत या. बुधवारपर्यंत." शो सोमवारी दुपारी चारला. शो संपला की झगा पिशवीत घालून कुठल्याशा धनाढ्य बाईच्या कपाटात जाणार होता. त्यानंतर तो कुणी पाहणार नव्हतं, शिवणारीनंसुद्धा.

"तू समोरचे वीस काढ, पन्नास काढ," वहिनी सकाळी म्हणाली होती. "मला फक्त एक पाठ दे. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडं कधी."

"वहिनी, रोज मागतेस. काल चहाची गाळणी मागितलीस."

"ती माझीच होती."

एरवी आमचं अगं-तुगं चालतं. राग आला की ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करायला लागते. त्या दिवशी सकाळपर्यंत तरी मी वन्सं नव्हते.

रॅम्पच्या टोकाशी फोटोग्राफरांसाठी लाकडी पायऱ्या रचल्या होत्या. चाळीस माणसं आणि जागा पंचवीसची. प्रत्येकानं जमिनीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहिलं होतं, आणि त्या वीतभर पट्टीसाठी मोठमोठे बाप्ये हद्दीवरून भांडावं तसे भांडत होते. मला सगळ्यात खालची पायरी मिळाली. माझ्या डोक्यावर एकाची लेन्स, कानाशी दुसऱ्याचा गुडघा.

वरून शिडीचा उपदेश ठिबकत होता. मी मागितला नव्हता, पण त्याला तो द्यायची सवय होती.

"फ्लॅश काढून ठेव. फ्लॅश मारलास तर हे सगळे मिळून तुला बाहेर टाकतील."

काढून ठेवला.

"तालमीच्या वेळी कोरा कागद धर आणि त्याचा फोटो काढ. या दिव्यांत पांढरं पिवळं पडतं. कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळव."

जुळवला.

"ती जिथं येऊन थांबते तिथं आधीच फोकस धरून ठेव. आणि पुढची टाच टेकली की दाब. आधी दाबलंस तर मुलगी लंगडी दिसते, नंतर दाबलंस तर बदक."

हे मात्र खरं होतं. तालमीत दोन लंगड्या आणि तीन बदकं काढल्यावर मला ते कळलं. शहाणपण कुणाच्याही तोंडून येऊ शकतं; तोंडाकडे न बघता तेवढं उचलावं.

"शेवटी सगळ्या एका रांगेत येतात. त्या रांगेला कुणी विचारत नाही. तेव्हा कॅमेऱ्यातलं कार्ड बदलून घे, मखमल बाहेर येतो त्याच्यासाठी. आणि एक सांगून ठेवतो, कपड्यांकडे बघायचं नाही. कपडे बघत बसलं की फोटो हुकतो."

"मग आपण इथं कशाचे फोटो काढायला आलोय?"

"चेहऱ्याचे," शिडी म्हणाला. "कपडे काय, दर सहा महिन्यांनी बदलतात."

चार वाजले, चारचे पावणेपाच झाले. पहिल्या रांगेत मानाची माणसं येऊन बसली. पायावर पाय टाकून बसली, त्यामुळे त्यांची पावलं रॅम्पच्या कडेवर लोंबकळू लागली. चाळीस गळे एकदम ओरडले, "पाय आत!" मानाच्या माणसांनी मुकाट पाय आत घेतले. त्या दुपारी बघण्यासारखं तेवढं एकच होतं.

दिवे गेले, दिवे आले. मुली येऊ लागल्या. अशा चालत होत्या, की जणू घरी दूध उतू जातंय आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. पहिली, दुसरी, तिसरी. टाच, खट्. टाच, खट्. मुलगी वळली की आमच्या चाळीस माना एकदम खाली, जणू कुणी दोरी ओढली. वाऱ्यानं पीक लवतं, पण त्यात काहीतरी देखणं असतं. हे नुसतं लवणं होतं. रॅम्पवरून पाठी चालल्या होत्या, कुणाच्या तरी बोटांनी शिवलेल्या पाठी, आणि आम्ही हातातल्या इवल्या पडद्यात त्यांचेच चेहरे तपासत होतो.

मी मोजत होते. वीस. एकवीस. बावीस. मनाशी घोकत होते, मान वर ठेव, मान वर ठेव, बाई गं, मान वर.

तेवीस आली. करडं पोतं ताठ चालत आलं, थांबलं. मुलीचा चेहरा सुरेख, दोन्ही कान दिसत होते, डोळे उघडे, हनुवटी जिथं हवी तिथं. टाच टेकली. खट्. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडातून मोठ्यांदा निघालं, "झालं, पुढचे या."

आणि मी वहीत नंबर लिहायला खाली बघितलं.

वही नव्हती. हातात कॅमेरा होता. वर पाहिलं तेव्हा चोविसावी समोर आली होती आणि तिच्या आड, दूर, जांभळ्याची एक रेघ पडद्यामागं गेली.

वर शिडी पायाखालची शिडी हलेपर्यंत हसत होता. "पुढचे या म्हणे! आता यांना पावती पण दे."

मी ज्यांना मघापासून मनातल्या मनात हसत होते, त्यांच्यातच जाऊन बसले होते. त्यांची मान शिडीनं लववली असेल, माझी मीच.

तिथं बसून रडण्यात अर्थ नव्हता. अजून बारा झगे बाकी होते आणि मग ती रांग, जिला कुणी विचारत नाही. रांग पुन्हा आमच्याकडेच तोंड करून येणार होती. पाठ दिसायची तर रॅम्पच्या त्या टोकाला जायला हवं, पडद्यापाशी. मी उठले.

"अगं ए, जागा सोडलीस तर परत मिळणार नाही!" शिडी ओरडला.

"ठेवा तुम्हाला," मी म्हटलं. "नावाची पट्टी काढून घेते, पुसायला नको."

खुर्च्यांच्या मागून, वायरींवरून उड्या मारत, कुणाच्या तरी पिशवीला लाथ मारून मी पडद्यामागं पोचले. दारावरच्या माणसानं अडवलं. त्याच्या काखेखालून एक हात आला, मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेला, आणि त्या हातानं मला आत ओढलं.

"मिळाला?" वहिनीनं विचारलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाचता येतं ते.

"वा, वन्सं," ती म्हणाली. "आपण फारच हुशार. अकरा आठवडे मी बोटं टोचून घेतली, आणि आपल्याला मान वर ठेवता आली नाही."

"रांग निघायची आहे ना अजून?"

"निघतेय. बघा."

मुली एकीमागं एक उभ्या राहत होत्या. तेवीस आमच्या पुढ्यातून गेली. वहिनीनं पडद्याची कड चिमटीत धरून उचलली, हातभर फट केली, आणि मी जमिनीवर गुडघे टेकले.

तालमीत जुळवलेले कॅमेऱ्याचे आकडे इथं कुचकामी होते. तिकडं उजेड आमच्या पाठीमागून मुलींवर पडायचा. इथं तो थेट माझ्या डोळ्यांत येत होता आणि माझ्यापुढं सगळं काळं होतं. स्टुडिओतली वीज गेली की मी गिऱ्हाइकाला खिडकीत बसवते, तेव्हाचे आकडे आठवले. दोन घरं उजेड वाढवला. काळ्यातून करडं निघालं, करड्यातून जांभळं. मी बटणावर बोट ठेवून टाचेकडे बघत राहिले. टाच टेकली. दाबणार, तेवढ्यात वहिनीनं माझा खांदा घट्ट धरला.

"टेकल्यावर मिटतात. उचलली की उघडतात. थांब, मी सांगते."

ती माझ्या मागून, त्या मुलीच्या पावलांकडे बघत, पुटपुटत राहिली. चुणी तिची होती. कुठली कधी उघडणार हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

"मिटली. मिटली. हं!"

खट्.

"हं!"

खट्.

तेवढ्यात माझ्या अंगावरून मऊ आवाज आला, "जरा वाट द्याल का?" मखमल बाहेर निघाला होता, टाळ्या झेलायला. आम्ही सरकलो. तो गेला. संपादकांना त्याचा फोटो हवा होता, म्हणून मी काढला, जो दिसत होता तो. कोट समोरून अंगाला घट्ट बसावा म्हणून पाठीवर एकाखाली एक चार चिमटे लावले होते, कपडे वाळत घालायचे असतात तसले.

"ते चिमटे पण मीच लावले," वहिनी म्हणाली.

संपादकांनी तो फोटो पाहिला आणि विचारलं, "चेहरा कुठाय?" मी म्हटलं, चेहरा चाळीस जणांकडे आहे, हवा तेवढा घ्या. ते माझ्यावर अजून रागावलेले आहेत.

बुधवारी वहिनीसोबत कपडेपटात गेले. पेट्या, खुंट्या, राजांचे अंगरखे, शिपायांचे टोप, सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. बाईंनी चष्मा लावून आमचा फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. पाठ उघडी होती, मानेपासून टाचेपर्यंत. दिवा चुण्यांतून आरपार आला होता आणि अस्तर आतून पेटल्यासारखं दिसत होतं. आणि पाठीपलीकडे, रॅम्पच्या टोकाशी, लाकडी पायऱ्यांवर चाळीस माणसं. सगळ्यांच्या माना खाली. एक जण तर शिडीवर चढून मान खाली घालून उभा.

"यांना काय झालंय?" बाईंनी विचारलं.

ते कार्डं बदलत होते, मी सांगणार होते.

"माझ्या चुण्यांना नमस्कार करताहेत," वहिनी म्हणाली.

"आणि हा शिडीवरचा?"

"तो जरा जास्तच मानतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, मागच्या ढिगातून एक अंगरखा ओढला आणि वहिनीपुढं टाकला. "ही बाही खांद्याशी उसवलीय. पाच वाजता राजाला घालायचाय. सुई आहे?"

वहिनीनं गळ्याशी टोचलेली सुई काढली आणि खिडकीशी बसली. दोरा ओवता ओवता तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच दारात उभी होते, बहुधा फार वेळ.

"हनुवटी खाली घे," ती म्हणाली. "तोंड उघडं आहे तुझं."