टाळ्या मागणारा भोंगा

मी भोंगा बोलतोय. मी बोलायला लागलो की लोक एक तर कानात बोटं घालतात, नाहीतर टाळ्या वाजवतात. आज दोन्ही नको, जरा गप ऐका. आजवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं दुसऱ्याचं होतं. आजचं तेवढं माझं आहे.

माझ्या जन्मात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा लेथवर फिरवला, त्याला ऐसपैस तोंड काढलं, मागं चुंबकाचं युनिट बसवलं, झालो मी. डोकं दिलं नाही, काळीज दिलं नाही, तोंड मात्र भरपूर दिलं. पुढाऱ्यांचंही असंच असतं, पण त्यांना निदान हार घालतात. मला शिवाजी पेठेतल्या गुंडूनं विकत घेतलं. त्याचं मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे.

गुंडूकडं मी काय काय नाही ओरडलो. बारशाला ओरडलो, लग्नात ओरडलो, तालीम मंडळांच्या फुटबॉल सामन्यांना घसा ताणला, शोकसभेतही खणखणीत वाजलो. सकाळी ज्याला लाडका नेता म्हणालो, त्यालाच संध्याकाळी दुसऱ्या पार्टीच्या सभेत चोर म्हणालो. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

माझ्या तोंडून बोलणारा नेहमीचा माणूस म्हणजे गुंडूच्या दुकानातला केरबा. कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचा. पैलवान आपटला रे आपटला की केरबा माइक ओठाला लावून म्हणायचा, "जाळ आणि धूर संगटच!" आमच्याकडं एखादी गोष्ट झकास झाली की असं म्हणायची पद्धत आहे. मग तो थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "टाळ्या!" की सगळं मैदान वाजायला लागायचं. मला त्या आवाजाची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

दुकानासमोर आक्का राहते. दोन म्हशी आहेत तिच्या. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर नेते आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढून दूध देते. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, उदयसिंह, म्हशींच्या शेणात लोळून मोठा झाला आणि हवाई दलात वैमानिक झाला. तिथून तो 'वज्रपंख'मध्ये गेला.

वज्रपंख म्हणजे हवाई दलाचा कसरतीचा संघ. त्याचा इतिहास मला पाठ आहे, कारण तो मीच लोकांना सांगितला. चार विमानांनी त्याची सुरुवात झाली. कुठल्याशा समारंभात चौघा शिक्षकांनी आपली शिकवायची विमानं एकमेकांना चिकटवून उडवली आणि वरच्या साहेबांना ते आवडलं. चाराची सहा झाली, सहाची नऊ झाली. पंखाला पंख भिडायचा तेवढा बाकी. म्होरक्यानं वाट बघायची आणि उरलेल्या आठांनी ना जमीन बघायची ना आभाळ, नुसता शेजारच्याचा पंख बघायचा. म्होरक्या चुकला तर सगळी रांग त्याच्यामागं मातीत. आणि आठांतल्या एखाद्याला जमीन बघायची मुभा मिळालीच तर ती खाली येण्यासाठी मिळायची.

आणखी एक गोष्ट त्या इतिहासात होती, पण ती माइकवरून सांगायची नसे. विमानाच्या कुशीवर वैमानिकाचं नाव रंगवलेलं असतं. माणूस गेला की ते थिनरनं पुसतात आणि दुसऱ्याचं लिहितात. नंबर तोच राहतो. सरावात दोघं गेले होते, तेव्हा नव्या नावांचा रंग वाळायच्या आत संघ पुढच्या गावाला निघाला होता. प्रेक्षकांना कळलंही नाही.

असा तो वज्रपंख एका वर्षी कोल्हापूरला आला. विमानतळाकडच्या माळावर हे एवढं लोक जमलं. चंदगडपासून एसट्या भरून आल्या होत्या. गुंडूनं मला सगळ्यात उंच खांबावर चढवलं. खाली दोन माइक होते. एक संघाच्या निवेदिका रक्षिता मॅडमचा, त्या हिंदीत सांगायच्या. दुसरा केरबाचा, तो मराठीत सांगणार होता.

उदयसिंहाचा नंबर सहा. त्याच्याकडं शेवटचा खेळ होता. नऊच्या रांगेतून सहा नंबर मधूनच निखळायचा, गिरक्या घेत खाली यायचा आणि झाडांमागं नाहीसा व्हायचा. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं की वर उसळायचा. रक्षिता मॅडमनी हे आधीच समजावलं होतं. केरबा खूश झाला.

"म्हंजे कुस्तीतली हूल की ही," तो म्हणाला. "तुमी बगाच मॅडम, कसा पुकारतो ते."

आक्का माझ्या खांबाला टेकून उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. नऊ विमानं आली, डोक्यावरून गेली, सगळी एकसारखी लाल-पांढरी. आक्का मान वर करून करून थकली.

"केरबा, आमचं कंचं हाय रं त्यातलं?"

"मला काय ठावं आक्का. सगळी एका माळंची हायती."

तिनं मग मॅडमना विचारलं. असं सांगायचं नसतं म्हणे. नऊ विमानं एकच दिसली पाहिजेत, त्यातलं एक कुणाचं असता कामा नये, असा त्यांचा रिवाज. पण रक्षिता मॅडम निपाणीकडच्या, आईला अव्वा म्हणणाऱ्या, त्यांना आक्काचा चेहरा बघवला नाही. त्या हळूच म्हणाल्या, "अव्वा, शेवटी जे खाली येईल ना, ते तुमचं."

त्यांनी तेवढं सांगायला नको होतं.

शेवटचा खेळ आला. एक विमान रांगेतून निखळलं. आक्कानं शेजारच्या बाईचा दंड धरला. "ते आमचं," ती म्हणाली. "ते खाली आलंय न्हवं, ते आमचं." विमान गिरक्या घेत घेत खाली आलं आणि उसाच्या फडामागं गेलं. माळ एकदम चिडीचूप झाला. मग फडामागून आगीचा लोळ उठला आणि त्याच्यावर धूर.

केरबानं श्वास भरून घेतला आणि मी आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला.

"घाबरू नका मंडळी, ही हूल हाय! जाळ आणि धूर संगटच! टाळ्या!"

काय वाजल्या म्हणता. पोरांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले, 'पुन्हा एकदा'चा गजर केला. दिवसभर रंगीत धूर बघितलेल्या लोकांना तो काळा धूर म्हणजे आणखी एक रंग वाटला. आणि माझ्या खांबाखाली आक्का टाळ्या वाजवत होती. हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होती, कारण ते तिचं होतं.

रक्षिता मॅडमच्या कानात बिनतारी यंत्राचं बोंड होतं, त्यातून त्यांना खरं कळलं. त्यांनी माझी वायरच उपटली. मी गप झालो. टाळ्यांना मात्र बटण नसतं, त्या चालूच राहिल्या. आठ विमानं डोक्यावरून निमूट परत गेली. आक्कानं ती मोजली, मग पुन्हा मोजली, आणि तिचे हात वरच्या वर थांबले.

तुम्ही म्हणाल, भोंग्या, तुला काही वाटलं का रे? नाही वाटलं. खांबावरून उतरवला, पोत्यात घातला, दुसऱ्या दिवशी एका दुकानाच्या उद्घाटनाला बांधला. तिथंही टाळ्या मागितल्या. लोकांनी दिल्या.

दिवस घालून झाल्यावर आक्का रस्ता ओलांडून दुकानात आली. केरबा वायर गुंडाळत बसला होता.

"केरबा, टाळ्या का म्हनलास रं?"

केरबा उठून उभा राहिला.

"तू म्हनलास म्हनून मी वाजवल्या," आक्का म्हणाली. "माझं पोरगं जळत हुतं आणि मी टाळ्या वाजवल्या."

एवढं बोलून ती धारेला गेली. त्यानंतर तिनं कधी टाळी वाजवली नाही. गणपतीच्या आरतीला सगळी गल्ली टाळ्या धरते, आक्का हात पदराखाली घालून उभी राहते. शेजारणीच्या नातवाला 'टाळी दे' म्हणायचं झालं तरी ती दुसरीकडं बघते. केरबा मैदानात पुकारा करतच राहिला, पोट कुणाला चुकलंय. पण 'जाळ आणि धूर' त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही, आणि टाळ्या तो मागायचाच नाही.

वज्रपंखचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सहा नंबरवर दुसरं नाव आलं. पुढं ती जुनी विमानं नव्या पोरांना शिकवायला कमी पडायला लागली, म्हणून संघाकडची काढून घेतली आणि संघच मोडला. बरीच वर्षं वज्रपंख नुसता भिंतीवरच्या फोटोत होता. मग परदेशातून नवी विमानं आली, चपळ आणि टोकदार नाकाची. संघ पुन्हा उभा राहिला, पुन्हा नऊ झाले, आणि यंदा पुन्हा कोल्हापूर ठरलं.

आयोजक पेठेतलाच नवा पुढारी, विजयसिंह. तो शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन आक्काच्या दारात आला.

"आक्का, तुमी वीरमाता. तुमच्या टाळीनंच शो सुरू करायचा, असं ठरवलंय आमी."

आक्का वैरण कापत होती. विळ्यावरचा हात न थांबवता म्हणाली, "मी येतो. त्या माळावर मला एकदा जायाचंच हाय. पर टाळी वाजवनार न्हाय."

"आवो, फोटोपुरती एक तर."

"न्हाय म्हनलं की."

विजयसिंह हसला. म्हातारी माणसं अशी म्हणतातच, ऐन वेळी वाजवतील, असं तो पायरी उतरताना फोटोवाल्याला म्हणाला.

माळ तोच, खांब तोच, खांबावर मी. आक्काला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं, गळ्यात हार, अंगावर शाल. विजयसिंहानं तीनदा टाळी मागितली. आक्काचे हात शालीखालीच राहिले. लोकांत कुजबुज झाली, म्हातारी घमेंडी दिसते. शेवटी विजयसिंहानं स्वतःच टाळी वाजवली आणि फोटोवाल्याला डोळ्यांनी खुणावलं.

विमानं आली. केशरी, पांढरा, हिरवा धूर निघाला. शेवटी तोच खेळ होता, नव्या सहा नंबरचा. केरबाला कागदावर लिहून दिलं होतं, इथं हूल म्हणायचं आणि टाळ्या मागायच्या. विमान निखळलं. गिरक्या घेत उसामागं गेलं. केरबानं तोंड उघडलं, पण माझ्यातून नुसता त्याचा श्वास बाहेर आला.

आक्का सोफ्यावरून उठली. शाल खाली पडली. तिनं केरबाच्या हातातला माइक हिसकावला.

"वर ये रं लेकरा. वर ये. मी टाळी न्हाय वाजवत, वर ये."

आणि ते आलं. फडामागून सरळ वर उसळलं, माझ्या अंगाचा पत्रा थरथरला. त्याच्यावर ज्या टाळ्या पडल्या, तशा मी उभ्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. आक्का खाली बसली ती मातीतच बसली. केरबा तिच्याशेजारी बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

विजयसिंह धावत आला. "काटा कीर्र झालं आक्का, एक नंबर. ठरवून केलं असतं तरी असं जमलं नसतं."

गोष्ट इथं संपली असती तर मी तुमच्याशी बोललोच नसतो.

कुणीतरी ते सगळं फोनवर घेतलं होतं. दोन दिवसांत गावभर झालं. पाठीमागं बासरी जोडली, शेवटी टाळ्यांचा कडकडाट जोडला. विजयसिंहाच्या वाढदिवसाला तेच लावलं. आता प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्या रेकॉर्डिंगनंच होते. गुंडूला 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायचा कंटाळा येतो, तो पेनड्राइव्ह लावतो. दुकानाच्या दारात मला ठेवून तपासतो, आणि मी समोरच्या घराकडं तोंड करून ओरडतो, "वर ये रं लेकरा, मी टाळी न्हाय वाजवत." मागं हजार हात वाजतात.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा आक्का वैरण टाकून दारात आली आणि वर आभाळाकडं बघायला लागली. मग तिला समजलं. दुसऱ्यांदा तिनं दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा रस्ता ओलांडून आली, जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. तिच्या हाताला दुधाचा आणि शेणाचा वास होता. आजवर मला कुणी एवढ्या जवळून हात लावला नव्हता.

गुंडूनं तो बोळा काढला. "आक्का, धंदा हाय माझा," म्हणाला. वाईट माणूस नाही तो. फडक्यानं माझं तोंडही पुसून घेतलं.

केरबानं दुकान सोडलं. आता त्याची गरजही नाही, पेनड्राइव्ह आहे.

मला काळीज नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं. तरी ते वाक्य आलं की माझ्या पत्र्याला आतून काहीतरी होतं. गुंडू म्हणतो, युनिट खराब झालं असेल, बदलू. उद्या गांधी मैदानात कसलासा सत्कार आहे, मला आत्ताच खांबावर बांधून ठेवलंय. तुम्ही येणार, मला माहीत आहे. सुरुवातीला मी आक्काच्या आवाजात ओरडेन. ओरडणं माझ्या हातात नाही, मला हातच नाहीत. तुम्हाला आहेत. जन्मभर मी तुमच्याकडं टाळ्या मागितल्या. उद्या मी ओरडलो की त्या वाजवू नका.