प्रमुख पाहुण्यांचा परिचय

सत्काराचं खूळ आपल्या लोकांच्या डोक्यातून समुद्र ओलांडला तरी जात नाही. एकसष्टीला शाल, पंच्याहत्तरीला शाल, नोकरीतून सुटला म्हणून शाल. त्यामुळे युरोपातल्या विजयाला ऐंशी वर्षं झाली म्हणून साउथहॅम्प्टनच्या आमच्या गल्लीत पार्टी ठरली, आणि अवधूतने पहिल्याच मीटिंगला, "आपल्याकडे एक रिअल मरीन आहेत, त्यांचा सत्कार करू या," असं सुचवलं, तेव्हा सगळ्यात आधी मान कुणी डोलावली असेल तर ती मीच. मीही त्याच मातीची.

अवधूत पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. उत्साह उतू जाणारा पोरगा. गल्लीत आता सहा मराठी घरं आहेत, बाकी इंग्रज. पण रस्ता बंद करायची परवानगी कौन्सिलकडून काढायचा त्यांना कंटाळा, म्हणून पार्टीची सूत्रं आमच्या हातात आली. आठ मेच्या संध्याकाळी झेंड्यांच्या माळा, इंग्रजांचे चहाबरोबरचे स्कोन, आपले बटाटेवडे, त्या काळची गाणी, नाच, आणि मध्ये थोडा वेळ सत्कार. पाहुण्यांचा परिचय मी करून द्यायचा. महाराष्ट्र मंडळात मी जन्मभर तेच करत आले आहे आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पाहुणे म्हणजे माझे शेजारी, मिस्टर सिडनी टॅपर. वय नव्व्याण्णव, मूलबाळ नाही, बायको केव्हाच गेली. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल मरीन होते, म्हणजे आरमाराचे सैनिक, आणि पॅसिफिकमध्ये एका विमानवाहू जहाजावर तोफ चालवत होते, एवढंच मला इतक्या वर्षांच्या शेजारात कळलं होतं. टोमॅटोच्या रोपांवर ते तासभर बोलतील. युद्धाचा विषय निघाला की मात्र चहाला उठायचे.

मी सत्काराचं सांगायला गेले, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं.

"नीना, तुमच्या आठ मेला माझं युद्ध संपलं नव्हतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही लढलात. लोकांना आभार मानायचे आहेत."

"माझे कशाला? मी नव्व्याण्णव वर्षं जगलो. करायचाच असेल तर केनचा सत्कार कर."

केन कोण ते मला ठाऊक नव्हतं. वय झालं, माणूस भरकटतो, असं माझ्या मनात आलंही. पण ते मुळीच भरकटले नव्हते. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि सांगायला लागले.

केन मर्सर त्यांच्याच तोफेवरचा. गॉस्पोर्टचा मुलगा, त्यांच्याच वयाचा. जहाज जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांजवळ होतं. युरोपातलं युद्ध संपलं, असं लाउडस्पीकरवर सांगण्यात आलं. कुणीतरी म्हणालं, चला, त्यांचं तरी सुटलं. मग सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागले.

"दुसऱ्या दिवशी विमान आलं," ते म्हणाले. "बॉम्ब टाकून निघून जाणारं नाही. स्वतःच येऊन आदळणारं. आम्ही मारत राहिलो आणि ते येत राहिलं. इतकं जवळ आलं की आतला माणूस मला दिसला. तोही पोरगाच. केन माझ्या डाव्या हाताला उभा होता. मला ओरखडासुद्धा आला नाही. त्याच दिवशी केनला कॅनव्हासमध्ये शिवला आणि समुद्रात सोडला."

ते पुढे म्हणाले, "परत आल्यावर मी त्याच्या आईला भेटायला गेलो. आमच्याही गल्लीत पार्टी होती, सिडनी, म्हणाली ती. दोन दिवस सुट्टी होती, दोन्ही दिवस मी नाचले. तो मेला तेव्हा मी नाचत होते. मी तिला खूप समजावलं. म्हटलं, मिसेस मर्सर, तुम्हाला कुठे ठाऊक होतं! पण तिने ऐकलं नाही. पुढे राणीचा राज्याभिषेक झाला, गल्लोगल्ली पार्ट्या झाल्या, तर ही पडदे ओढून आत बसली. मीही तेव्हापासून कुठल्या पार्टीला गेलेलो नाही."

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिच्यामागे त्यांचं कुणी उरलं नाही. केनचं नाव घेणारा जगात मी एकटाच आहे, आणि मी आता किती दिवस?"

मला माझी आई आठवली. ती नागपूरला वारली तेव्हा मी इकडे मिल्टन कीन्सला मंगळागौरीच्या कार्यक्रमात फुगड्या घालत होते आणि फोन पर्समध्ये वाजत होता. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला असा एखादा दिवस येतो. तुला कुठे माहीत होतं, असं सगळे म्हणतात. माहीत नव्हतं हे खरंच आहे, पण त्याने मन काही मानत नाही. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तिच्यासाठी मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"केनचाच परिचय करून देते," मी म्हटलं. "पण तुम्ही समोर हवेत. काही चुकलं तर सांगणार कोण?"

ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. केनबद्दल आठवेल ते मात्र सांगत बसले.

अवधूतला हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला. "काकू, इट्स अ सेलिब्रेशन! लोक ड्रिंक्स घेऊन रिलॅक्स झालेले असणार. त्यात तुम्ही डेथबद्दल बोलणार? सगळा मूड जाईल. आणि समोर टॅपर बसलेत नि परिचय भलत्याचाच? लोकांना वाटेल आपण मिक्स-अप केलं."

"भलता नाही तो. त्यांचा मित्र आहे."

"मान्य आहे हो. पण तुम्ही नोव्हेंबरात रिमेम्बरन्स संडेला बोला ना, तो दिवस युद्धात गेलेल्यांसाठीच असतो."

"तोवर ते असतील का, अवधूत?"

तो चांगला मुलगा आहे, फक्त वाईट बातमीची त्याला भीती वाटते. त्या वयात मलाही वाटायची. शेवटी मी म्हटलं, "शाल तुझी, माईक माझा."

आठ मेला संध्याकाळी ऊन छान पडलं होतं. वडे हातोहात संपत होते, मुलं तोंडाला झेंडे रंगवून धावत होती. मिस्टर टॅपरांचं दार बंद होतं. आपण उगाच आगाऊपणा केला, त्यांच्या जखमेवरची खपली काढली, असं वाटून मला घास गोड लागेना. नाव घ्यायचं ते कुणासमोर? आणि मग दार उघडलं. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. पदक एकही नाही. वॉकर ढकलत ते स्वतःच आले आणि मधल्या खुर्चीवर ताठ बसले.

मी माईक घेतला. "आजचे प्रमुख पाहुणे येऊ शकलेले नाहीत," मी म्हटलं. "त्यांचं नाव केनेथ मर्सर. जन्म गॉस्पोर्टचा. वडील फेरीबोटीवर कामाला, आई कपडे शिवायची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, अठराव्या वर्षी ते मरीन झाले. माउथ ऑर्गन वाजवायचे, वाईट वाजवायचे. कांदा आवडत नसे. नऊ मे एकोणीसशे पंचेचाळीस रोजी, पॅसिफिक महासागरात, तोफेवर उभे असताना मरण आलं. वय एकोणीस."

परिचय संपला. मंडळात मी बोलायला लागले की आवरतं घ्या म्हणून मागून खुणा होतात. इथे पुढे सांगायला काही नव्हतंच. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, नातवंडं, छंद, जे सांगता सांगता माझी दमछाक होते, त्यातलं काहीच त्या मुलाच्या वाट्याला आलं नव्हतं.

अवधूत शाल हातात घेऊन उभा होता आणि ती कुणाच्या खांद्यावर घालायची ते त्याला कळत नव्हतं. मिस्टर टॅपरांनी हात पुढे करून ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

"एक राहिलं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्याच्या आईचं नाव एथेल. त्या दिवशी ती तिच्या गल्लीत नाचली. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. हे मला तिला पटवता आलं नाही. तेव्हा आज माझ्याकडे बघून कुणी नाच थांबवू नका. प्लीज. गाणं लावा."

अवधूत स्पीकरपाशी गेला खरा, पण डोळे पुसत तसाच उभा राहिला. शेवटी मीच बटण दाबलं. जुनं, ठेक्याचं गाणं सुरू झालं. कुणी जागचं हलेना. कसं हलणार?

तेवढ्यात मिस्टर टॅपर खुर्चीचे हात धरून उठले. वॉकरकडे वळलेसुद्धा नाहीत. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला.

आम्ही नाचलो. नाचलो म्हणजे काय, रस्त्याच्या मधोमध एकमेकांना धरून एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. हळूहळू बाकीचेही आले. अवधूत आला, कडेची वयस्क इंग्रज जोडपी आली, मुलं आली. मिस्टर टॅपर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण पाय थांबले नव्हते.

गाणं संपलं तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही तो सोडवून घेतला नाही.