चौथा बुरूज

कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं ती एकच काम करत आली होती. बनवणाऱ्यांनी 'झाला' म्हणून खाली पाठवलेला खेळ खेळायचा आणि त्यातली भोकं शोधायची. बाकीचे लोक खेळात शत्रू मारतात, ही बाई भिंती चाचपायची. खोलीत शिरलं की डाव्या भिंतीला चिकटून पूर्ण फेरी, मग उजव्या भिंतीला चिकटून. कुठे पाय भिंतीतून आरपार गेला, कुठे दार उलटं उघडलं, की लगेच नोंद. नोंदीला क्रमांक, क्रमांकाखाली दोन ओळी, बास. तिसरी ओळ लिहिणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते कळलेलं नसतं, असं तिचं मत होतं.

कंपनीचं नाव झालं ते 'बुरूज' या मालिकेवर. पंचवीस वर्षांत सहा भाग. समुद्राकाठी एक बुरूज, त्याच्या पोटात वस्ती आणि तिचं रक्षण करणारी एक पहारेकरीण. आता मालकांच्या डोक्यात आलं होतं की सहांतला एकच भाग निवडायचा, तो नव्याने सजवायचा, 'बुरूज म्हणजे हाच' असं छापून विकायचा आणि उरलेले पाच कायमचे बंद करायचे. दुकानात नाहीत, कुठेच नाहीत. निवड गुरुवारच्या बैठकीत होणार होती. प्रत्येक विभागाला एक मत. चाचणी विभागाला मत नव्हतं, कारण चाचणी विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, संगणकाचे दोन पडदे, एक कुरकुरता पंखा आणि चाळणीबाई.

तसं ठरवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी पाचवा भाग होता. पाचव्यात शेवटची लढाई जिंकल्यावर बुरूज ढासळतो. खेळणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. तेवढ्यात पहारेकरीण वाकते, एक दगड उचलते, आणि वस्तीतली माणसं एकेक करून येतात, बुरूज पुन्हा बांधायला लागतात. मोठमोठी माणसं त्या प्रसंगाला हमसून हमसून रडली होती. पाचव्याचे प्रमुख पुढे कंपनीचे संचालक झाले. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. 'तो दगड मला स्वप्नात दिसला,' असं साहेब मुलाखतींतून सांगत, आणि मुलाखत घेणारे मान डोलवत.

चाळणीबाईच्या लेखी मात्र बुरूज म्हणजे चौथा. न खपलेला, चेष्टेचा झालेला चौथा. कारण बुरूज पहिल्यांदा पडला तो चौथ्यात, आणि तो पाडला होता तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने.

पाडला म्हणजे चुकून पडला. ताई चौथ्या भागाची प्रमुख होती. दगडांच्या वजनाचं गणित तिने स्वतः लिहिलं होतं आणि त्यात कुठेतरी एक आकडा घसरला. शेवटची लढाई जिंकल्यावर विजयाची तुतारी वाजत असतानाच बुरूज आपला आपण खाली बसायचा. चाळणीबाईने तीनदा खेळून पाहिलं, तीनदा पडला. दगडांच्या राशीसमोर पहारेकरीण नुसती उभी. ते बघून चाळणीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आयुष्यात एकदाच तिने अशी नोंद लिहिली: 'क्रमांक अकराशे शहाऐंशी. जिंकल्यावर बुरूज पडतो. दुरुस्त करू नये.'

ताई धावत खाली आली आणि तिने तो पडलेला बुरूज पाहिला. मग अकरा दिवस खपून तिने दगड उचलण्याचा, पुन्हा बांधण्याचा सगळा भाग लिहिला आणि ती नोंद स्वतःच्या हाताने बंद केली. खेळ बाजारात गेला. लोकांनी शिव्या घातल्या. जिंकूनही बुरूज पडतो म्हणजे काय, आमची फसवणूक केली! चौकशी लागली. साहेब तेव्हा ताईच्या हाताखाली होते. बंद नोंदींच्या तक्त्यात फक्त पहिली ओळ दिसते. त्यांनी ती ओळ मालकांपुढे ठेवली: 'जिंकल्यावर बुरूज पडतो', बंद करणारी ताई. चूक कळवली होती, ताईने ती दाबली, असा त्यांचा आरोप. ताई त्याच आठवड्यात घरी बसली.

दुसरी ओळ माझी होती, असं चाळणीबाईला तेव्हा उठून सांगता आलं असतं. पण एका घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकदम जायची भीती वाटली आणि ती मूग गिळून बसली. पुढे पाचवा आला, गाजला. त्याआधी साहेबांनी एक कडक नियम करून ठेवला होता: ज्याने नोंद उघडली त्यानेच, दुरुस्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, ती बंद करायची. दुसऱ्या कुणीही, अगदी संचालकानेही तिला हात लावायचा नाही. आणि एक जरी नोंद उघडी असली तरी खेळ बाहेर जायचा नाही. ताईसारखं परत कुणी करू नये म्हणून हा नियम.

तेव्हापासून ताई पुढच्या खोलीत गणिताच्या शिकवण्या घेई. दोघी एकाच घरात राहत. त्या नोंदीबद्दल ताई एका शब्दाने बोलली नव्हती, आणि धाकटीला तेच जास्त लागायचं.

बुधवारी संध्याकाळी ताई उत्तरपत्रिका तपासत असताना ती म्हणाली, "उद्या मी वर जाणारे."

"वर म्हणजे? देवाघरी?"

"बैठकीला, ताई."

"बोलावलंय?"

"नाही."

"मग कशाला जातेस? आगंतुकाला खुर्ची मिळत नसते."

"खुर्ची माझी मी घेऊन जाईन."

ताईने एका उत्तराला लाल फुली मारली. "माझ्यासाठी जात असशील तर नको जाऊस. मी ते कधीच सोडलंय."

"तू सोडलं असशील. मी नाही सोडलं."

गुरुवारी तिने खरोखरच आपली चाकांची खुर्ची तिसऱ्या मजल्यावर नेली. दार उघडलं तेव्हा आत आठजण होते. विक्री विभागाचा प्रमुख, ज्याला सगळे तक्तेवाले म्हणत, तो रंगीत तक्ता दाखवत होता. त्यात पाचव्याची रेघ छताला भिडलेली आणि चौथ्याची जमिनीवर लोळत पडलेली.

"चाळणीबाई, काही काम होतं का?" साहेबांनी विचारलं.

"चौथा निवडा, एवढंच सांगायला आले." तिने खुर्ची टेबलाला लावली आणि बसली.

साहेब हसले. "तुमचं प्रेम समजू शकतो. शेवटी बहीण. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"बहीणच आहे. म्हणून खोटं ठरतं का?"

"बाई, चौथ्यातली ती चूक होती. पाचव्यात तो प्रसंग मी मुद्दाम आणला, पहिल्यापासून नव्याने लिहिला. यात वाद कसला?"

"वाद नको, बघूनच घेऊ. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिने दोन्ही खेळ आणले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिने शेजारी शेजारी दोन्ही भागांतला पडलेला बुरूज लावला आणि उठून जवळ गेली. डावीकडून तिसरा दगड. चौथ्यात तो जमिनीपासून बोटभर वर तरंगत होता. पाचव्यातही बोटभर वरच.

"चौथ्यात ही चूक मी कळवली होती, टेकवायला वेळ नाही मिळाला," ती म्हणाली. "पाचव्यात बघितलं तर तोच दगड, तेवढाच वर. माझ्या बहिणीने लिहिलेलं जसंच्या तसं उचललं, तिची चूकसुद्धा पुसली नाही. त्याची नोंद मी केली नाही. तिची तेवढीच खूण उरली होती. सव्वीस वर्षांत एवढी एकच चूक मी बघून सोडली." मग ती साहेबांकडे वळली. "तुम्हाला स्वप्नात दगड दिसला म्हणता. तो टेकलेला होता की तरंगत होता?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"आणि अकराशे शहाऐंशीची दुसरी ओळ आज वाचून घ्या. दुरुस्त करू नये. ते मी लिहिलंय. ताईने काही दाबलं नव्हतं. मी तेव्हा बोलले नाही, घाबरले. आज बोलतेय."

पण मत काही बदललं नाही. तक्तेवाल्याने घसा साफ केला. "बाई, खरं कोणाचं ते वेगळं आणि लोकांना आवडतं काय ते वेगळं." हात वर झाले. आठच्या आठ, पाचव्यासाठी. चाळणीबाईने आपली खुर्ची उचलली आणि जिन्याने खाली आली.

घरी ताईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

"पाचवा."

"बरोबर आहे. पाचवाच चांगला आहे."

धाकटीने कप खाली आपटला. "मी तिथे जीव तोडून भांडतेय आणि तू घरात बसून हे म्हणतेस?"

"अगं, चौथ्यात बुरूज बांधताना हात मोडून येतात. पाचव्यात त्याने ते नीट बसवलं. दगड देता देता वस्तीतली माणसं गाणं म्हणतात, ते मला नव्हतं सुचलं. चांगल्याला चांगलं म्हणावं."

"तू पाचवा खेळलीस कधी?"

ताई ओशाळली. "आला त्याच आठवड्यात. तू कामावर होतीस. शेजारणीकडून खेळायचं यंत्र मागून आणलं होतं."

"मग?"

"मग काय! शेवटी बनवणाऱ्यांची नावं सरकत जातात ना वर, ती बघितली. म्हटलं, आपला डोळा चुकला असेल. म्हणून परत लावली." ताईने दोन्ही कप उचलले, धाकटीचा अजून भरलेला होता तोही, आणि आत निघून गेली.

चाळणीबाई तशीच बसून राहिली. इतकी वर्षं ती चौथ्यासाठी भांडत होती, कारण त्याच्या शेवटी ताईचं नाव होतं. आता चौथा बंद होणार आणि ते नाव जगातून जाणार. पण कुठला भाग सरस हा तिचा प्रांतच नव्हता. तिचा प्रांत होता, काय चुकलंय तो. आणि चूक काय आहे ते तिला आत्ता कुठे दोन ओळींत लिहिता येत होतं.

नव्या पाचव्याची पहिली प्रत महिन्याभराने खाली आली. तिने भिंतीला हातसुद्धा लावला नाही. थेट शेवटची नावं पाहिली आणि नोंद लिहिली: 'क्रमांक एक. बनवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव नाही. खेळ बाहेर जाण्याजोगा नाही.'

मग तिने नेहमीसारखं काम केलं, उलट जरा जास्तच नेटाने. सहाशे चौदा चुका काढल्या, दुरुस्त झाल्या तशा एकेक बंद केल्या. शेवटी एकच उरली. विक्रीचा दिवस जाहीर झालेला होता. अखेर साहेब स्वतः तळमजल्यावर उतरले. सव्वीस वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदाच आले असतील, कारण पंख्याचा आवाज ऐकून दचकले.

"ही चूक नाही बाई, हा तुमचा हट्ट आहे."

"हट्टच आहे."

"मी तुम्हाला कामावरून काढू शकतो."

"काढा. पण नोंद मी उघडलीय. मी गेले तर बंद कोण करणार? नियम तुमचाच."

"नियम बदलता येतो."

"येतो की! लेखी बदला. का बदलला ते लिहायला खाली जागा असते, तिथे कारण लिहा. मालक वाचतात ते."

आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणं सोपं असतं, पण बीळ कुणाचं ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं म्हणजे कठीणच. साहेब हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. शेवटी, आभारात घालू त्यांचं नाव."

"आभार पाहुण्यांचे मानतात. तिने घर बांधलंय."

"मग कुठे हवंय?"

"पहिलं. तुमच्या वर."

"ते मला जमणार नाही."

"मग नोंद उघडी आहे," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली. साहेब निघून गेले. तिची भीती अजूनही तीच होती. फक्त या वेळी ती भीतीला जुमानणार नव्हती.

सहाव्या दिवशी नवी प्रत आली.

नियमाप्रमाणे दुरुस्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. चाळणीबाईने परवानगीच्या कागदावर सही केली आणि प्रत घरी आणली. रविवारची दुपार होती, शिकवणी नव्हती. तिने यंत्र जोडलं, ताईला पडद्यासमोर बसवलं आणि काही न सांगता तिच्या हातात कंट्रोलर दिला. ताईची बोटं आधी अडखळली, मग त्यांना आठवलं. लढाई जिंकली. तुतारी वाजली. बुरूज पडला.

"डावीकडून तिसरा," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अजून तरंगतोय. नोंद नाही केलीस?"

"नाही."

"करायची होतीस. माझी चूक आहे ती."

"राहू दे."

दगड एकेक करून चढले, वस्तीतली माणसं गायली, बुरूज उभा राहिला. पडदा काळा झाला आणि नावं खालून वर सरकू लागली. पहिलं नाव ताईचं होतं. ते वर गेलं आणि दिसेनासं झालं. त्याच्या मागून साहेबांचं, मग तक्तेवाल्याचं, चित्रकारांची, गाणाऱ्यांची. ताई शेवटच्या नावापर्यंत हलली नाही. कंट्रोलर तिने छातीशी धरला होता.

"बंद करू ना नोंद?" धाकटीने विचारलं.

"थांब," ताई म्हणाली. "डोळा चुकला असेल. परत लाव."