हंबीररावांचा क्लोजअप

लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणाऱ्या माणसाला कलेची खाज सुटली की काय होतं, ते माझ्याकडं बघून शिकावं. एका स्पर्धेसाठी मी जुन्या मूकपटांसारखी दहा मिनिटांची फिल्म काढायला घेतली. बापावर खोटा आळ घेणाऱ्या शेठला पोर जाब विचारते, एवढीच गोष्ट. शिरोलीत हंबीररावांनी आपली फौंड्री शूटिंगला दिली. जागा त्यांची म्हटल्यावर शेठही तेच होणार, हे ओघानं आलंच.

पोरीचं काम मेहकनं मागून घेतलं. तिचे अब्बा, बादशहाचाचा, याच फौंड्रीत क्रेन चालवायचे. अकरा वर्षांपूर्वी क्रेनवरून तापल्या लोखंडाची बादली पडली, आण्णा पाटलांचा पाय गेला आणि चूक चाचांची ठरली. नोकरी गेलीच, पण आण्णांसारखा जिवाचा दोस्त बोलायचा बंद झाला. चाचांना तेच जास्त लागलं होतं.

"आवाज घेत नाही. मनाला येईल ते बोला, मागनं संवादाच्या पाट्या टाकू," मी सांगितलं. भट्टीला वारा घालणारा ब्लोअर धडाडत होता. लांबून मला काडीचं ऐकू आलं नाही. मेहक बोलली. हंबीरराव आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला आणि ते हळूच काहीतरी म्हणाले. मी खूश! काय अभिनय! मागनं त्यांच्या तोंडी पाटी टाकली, 'चालती हो!'

मेहक एवढंच म्हणाली, "दादा, मालकांचा क्लोजअप तेवढा कापू नका."

पहिला खेळ आमच्या तालमीच्या हॉलमध्ये ठेवला. मेहकनं फौंड्रीतले सगळे जुने कामगार बोलावले होते. एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला कुबडी घेऊन आण्णा. क्लोजअप आला आणि कुजबुज सुरू झाली. पाटी कुणी वाचतच नव्हतं. भट्टीच्या आवाजात जन्म काढलेली माणसं ती, एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच ओळखायची. हे माझ्या ध्यानात यायला नको होतं? मीही गाढवच.

"काय म्हणाले?" मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"क्रेनचा हुक झिजला हुता, मला ठावं हुतं. बादशाची चूक न्हवती."

हंबीरराव पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. खरं सांगतो, मला त्यांचीही कीव आली. ऐकायला कुणी नाही म्हटल्यावरच त्या माणसाला खरं बोलायचा धीर झाला होता.

आण्णा कुबडी टेकत उठले. सगळी रांग ओलांडून चाचांपुढं येऊन उभे राहिले, पण आवाज फुटेना. नुसते ओठ हलत होते.

चाचा त्या ओठांकडं बघत राहिले. मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"बस की लेका."