मुंडकं कुठे संपतं

“साहेब, मुंडकं म्हणजे मुंडकं! त्यात मोजायचं काय?” उगोये कमरेवर हात ठेवून म्हणाली.

ओन्ने बंदराच्या गोदामात स्टुलावर बसून न्वाबुएझे सुक्या ओकपोरोकोचं एक मुंडकं हातात फिरवत होता. नॉर्वेच्या वाऱ्यात वाळलेला मासा, लाकडासारखा कडक, वास दहा पावलांवरून येणारा. मुंडक्यामागे चार बोटं मांस राहिलं होतं. त्या चार बोटांनी सगळा घोळ घातला होता.

उगोयेकडे परवाना होता तो नुसत्या मुंडक्यांचा. माशाचा परवाना वेगळा, आणि तो बड्या धेंडांनाच मिळतो. हा माल मासा ठरला तर अख्खा कंटेनर जप्त. बावीस वर्षं ती अबाच्या बाजारात दुसऱ्यांकडून पोती उचलून मुंडकी विकत आली होती. नवरा गेला, तेव्हा बाई हिंमत करून उठली, गाळा विकला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर माल मागवला. पहिल्याच घासाला खडा लागला.

कस्टमच्या पुस्तकात ‘माशाची मुंडकी, वाळवलेली’ एवढंच छापलं होतं. मुंडकं कुठे संपतं आणि मासा कुठे सुरू होतो, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वरच्या साहेबांनी फाइल खाली ढकलली होती: तपासनीस ठरवेल ते खरं. तपासनीस म्हणजे न्वाबुएझे. तीस वर्षं एकच गोदाम, एकच हुद्दा. त्याने कधी कुणाचा पैसा घेतला नाही आणि खात्यानेही त्याला कधी काही दिलं नाही.

“साहेब, कशाला जीव काढताय?” उगोयेचा दलाल इनोसंट हसत पुढे आला. “कल्ल्यापासून मोजा नाहीतर शेपटीपासून, शेवटी पातेल्यातच जायचंय ना? लिहा ‘मुंडकी’. एकच तर शब्द आहे.” बोलता बोलता त्याने खिशातलं पाकीट अर्धं बाहेर काढलं.

“ते आत ठेव. नाहीतर पाकिटासकट तुलाही जप्त करीन.”

“मेल्या, माझं नाव बुडवतोस काय?” उगोयेच त्याच्या अंगावर धावली. मग न्वाबुएझेकडे वळली. “साहेब, मी काही नॉर्वेच्या कापणाऱ्याला लांब काप म्हणून सांगितलं नव्हतं. त्याचा हात सैल पडला आणि शिक्षा मला? हा माल गेला तर या वयात मी कुणाच्या दारात उभी राहू?”

न्वाबुएझेला वाईट वाटलं. पण हातात होतं ते मांस होतं. मांसाला मुंडकं कसं म्हणायचं? त्याने खडू काढला आणि कल्ल्याच्या हाडाला चिकटून रेघ ओढली.

“मुंडकं इथे संपतं.”

उगोये मटकन पोत्यावर बसली. “अरे चुक्वू देवा! गेलं सगळं.”

“पुरतं ऐकून तर घ्या, बाई. मी लिहितो, मुंडकी आणि मासा एकत्र आले. रेघेच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं सरकारजमा. कापायचं इथेच, माझ्यासमोर. आहे तयारी?”

“चारशे पोती आहेत, साहेब!”

“मग बसलात काय?”

इनोसंट बाजारातून करवती आणि चार माणसं घेऊन आला. दोन दिवस करवती चालल्या. माशाचा भुसा नाकातोंडात गेला, हाताला फोड आले. एका कोपऱ्यात सरकारजमा मांसाचा ढीग वाढत गेला. उगोये तिकडे बघायचं टाळत होती. तिसऱ्या दिवशी दोन माणसं आलीच नाहीत. न्वाबुएझेने टोपी काढून ठेवली, बाह्या सारल्या आणि तिच्यासमोर करवत घेऊन बसला.

थोड्या वेळाने तिने त्याचा हात धरला.

“अहो, किती तोकडं कापताय! तुमच्या रेघेच्याही आत चाललात. कायद्याने माझं आहे तेवढं तरी राहू द्या. नुसतं हाड गिऱ्हाईक घेईल का? असलं खातं कोण?”

“माझी आई खायची.”

तो करवतीकडे बघत बोलू लागला. “बिआफ्राच्या लढाईत, उपासमारीच्या दिवसांत आम्ही छावणीत होतो. मदतीचा मासा यायचा, आठवड्याला घरटी एक. आम्ही पाच भावंडं. आई म्हणायची, मुंडकं माझं, बाकीचं तुमचं. आणि कापायची ती असं. मांसाचा एक धागासुद्धा स्वतःकडे जाऊ द्यायची नाही. ते बघून माझ्याही हाताला तीच सवय लागली. माफ करा.”

“आणि आई?” उगोयेने हळूच विचारलं.

“आम्ही पाचही वाचलो,” न्वाबुएझे म्हणाला.

उगोयेने त्याचा हात सोडला. तिने पुढचं मुंडकं ओढलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्याच्या करवतीखाली दिलं.