न तडकलेली काच

मी काचेची एक पट्टी बोलतेय. रुंदीला दोन बोटं, लांबीला वीतभर. माझ्यासारखी पट्टी तुम्ही भिंतीवर पाहिली नसेल, कारण तुमच्या घराशेजारी कोळशाची उघडी खाण नसेल. आमच्या वस्तीत मात्र घराघरात अशा एकदोन पट्ट्या होत्या, आणि कोणाकडे किती हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

खाण जुनी. आतला कोळसा संपत आला तसा तिचा काठ वस्तीकडे सरकत आला. रोज दुपारी दोनला भोंगा व्हायचा आणि मागोमाग सुरुंग. बायका फळीवरच्या बरण्यांना हात लावून उभ्या राहायच्या, आणि हादरा सरला की अर्धं राहिलेलं बोलणं पुढे सुरू. हळूहळू भिंतींना भेगा गेल्या. मग खाणीच्या ऑफिसातून मोजणीवाला यायचा. भेगेवर काचेची आडवी पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी पक्की करायचा आणि वर तारीख लिहायचा. भेग वाढली की काच तडकते. काच तडकली की घर धोक्याचं ठरतं, आणि माणसांना दूरच्या नव्या वसाहतीत हलवतात.

पण मी जन्माने तसली नव्हे. मी होते चौकटीतली काच. माझ्यामागे एक प्रमाणपत्र होतं, पंचवीस वर्षं एकही अपघात न करता डंपर चालवल्याबद्दलचं. ते डंपरवाल्या काकांच्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं. कोण आलं, कोण किती वेळ बसलं, कोण रुसून गेलं, सगळं मला दिसायचं. मला मेलीला पहिल्यापासून चौकशा फार. भिंतीवर लटकणाऱ्याला दुसरा उद्योग तरी काय?

काका निवृत्त झालेले, मुलगा दूर नोकरीला. घरात काका आणि काकू दोघंच. काकूंची नजर सात वर्षांपूर्वी पूर्ण गेली. पण नवख्या माणसाला ते पटकन कळायचं नाही. भिंतीला बोटं लावत त्या घरभर फिरायच्या, डबा न चुकता काढायच्या, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायच्या. शेजारची शिवणवाली म्हणायची, "काकू, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसतं." काकू म्हणायच्या, "तुझा पसारा दिसत नाही, तेवढं सुख."

एका दुपारी काकू शिवणवालीकडे गेल्या होत्या. सुरुंग झाला आणि काकूंच्या पलंगामागच्या भिंतीतल्या भेगेवरची ऑफिसची पट्टी टक्कन तडकली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी दाराला कडी लावली, मला चौकटीतून काढलं आणि काच कापायच्या हिरकणीने माझी वीतभर पट्टी कापली. तडकलेली पट्टी काढून भेगेवर मला आडवं ठेवलं. एक टोक प्लास्टरने घट्ट केलं. दुसऱ्या टोकाला आधी ग्रीस चोपडलं, मग वर गोळा बसवला. दिसायला दोन्ही टोकं सारखी, पण एक नुसतं सोंग. वर जुनीच तारीख लिहिली.

आता भेग कितीही वाढो, मी तडकणार नव्हते. भिंत सरकली की माझं मोकळं टोक गोळ्यातून गुपचूप सरकायचं.

मोजणीवाला महिन्याला यायचा. माझ्यावर बॅटरी मारायचा, वहीत खूण करायचा. "काका, तुमची भिंत लोखंडाची दिसते. मागच्या ओळीत चार पट्ट्या गेल्या."

"चहा घ्या. गार होतोय," काका म्हणायचे.

माझ्या वर भेग छपराकडे चढत चालली होती, खाली पलंगामागे उतरत होती. तो फक्त मला बघायचा. आणि मी धडधाकट होते. मला ओरडावंसं वाटायचं, पण काचेला तडकण्याशिवाय दुसरा आवाज कुठे असतो? तोच माझा काढून घेतलेला.

"अहो, उशीवर वाळू कुठून येते?" काकू विचारायच्या.

"वाऱ्याने येत असेल."

"खिडकी तर पलीकडे आहे."

काका विषय बदलायचे. असे चार महिने गेले.

एक दिवस भोंगा झाला तेव्हा काकू पलंगावर बसून होत्या. त्यांनी तळवा भिंतीला टेकवला. हादरा येऊन गेला तरी हात काढला नाही. भेगेवरून चाचपत त्यांची बोटं माझ्यापर्यंत आली. मोकळ्या टोकाला दाबून पाहिलं. मी हलले. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"अहो, इकडे या."

काका आले.

"ही काच तुम्ही बसवलीत?"

काका त्यांचं बोट पुसायला लागले.

"ग्रीस आहे हे. तीस वर्षं तुमच्या कपड्यांतून हा वास धुऊन काढलाय मी. मला नका शिकवू."

काका पलंगाच्या कडेला टेकले. "नव्या घरात तुला काही सापडणार नाही गं. इथं तू मोकळी फिरतेस. तिथं मी जरा बाहेर गेलो तर एका जागी बसून राहशील."

"आणि इथं भिंत पडली तर मला कुठे शोधाल?"

"मी झोपतच नाही. ऐकत पडलेला असतो."

"म्हणून दिवसा पेंगता होय." काकूंनी त्यांचा हात चाचपून धरला. मग त्या म्हणाल्या, "बोलवा त्या मोजणीवाल्याला. आणि केलंय तुम्ही, तर सांगा तुम्हीच. माझ्या आडून नको."

मोजणीवाला तासाभरात आला. काकांनी मान खाली घालून सांगितलं. त्याने मला उचकटून काढलं, तर ग्रीसचं टोक लोण्यासारखं सुटलं. मग त्याने भेगेत हात घातला. चार बोटं आत गेली. तो स्टुलावर बसला.

"चार महिने मी इथं चहा पिऊन गेलो," एवढंच म्हणाला.

त्याच संध्याकाळी घर रिकामं झालं. चौथ्या दिवशी दोनच्या सुरुंगाला ती भिंत आतल्या बाजूला कोसळली.

मी आता ऑफिसात, मोजणीवाल्याच्या टेबलाच्या खणात आहे. भोवती वस्तीतल्या तडकलेल्या पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर घराचा नंबर. त्या सगळ्या तुटल्या, पण खरं बोलून तुटल्या. अखंड मी एकटीच, आणि त्याचीच लाज वाटते.

शिवणवाली परवा स्वतःच्या घराचं विचारायला ऑफिसात आली होती, तेव्हा कळलं. नव्या घरात काकूंच्या कपाळाला दोनदा दार लागलं. अजून त्यांना गॅसपाशी एकट्याने जाता येत नाही. काका त्यांचा हात धरून रोज खोल्या फिरवतात, आणि चुकलं की काकू त्यांच्यावरच खेकसतात. "पण झोपतात दोघं," शिवणवाली म्हणाली.

मोजणीवाला हल्ली नुसती बॅटरी मारत नाही, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना बोट लावून बघतो. तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण असेल, तर तुम्हीही बघा. ती शाबूत दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि तडकली तर तिला लपवू नका. आमच्या जातीला आयुष्यात एकदाच बोलता येतं. तेवढं बोलू द्या.