दगडावरची सही

मी एक जुना छापखान्यातला दगड आहे. मित्रांनो, हसू नका. "अगदीच दगड आहेस!" असे तुम्ही वर्गात एकमेकांना म्हणता, ते मला ठाऊक आहे. पण मी वाटेत पडून लोकांना ठेच लावणारा दगड नव्हे. मी शिळाछापाचा दगड. चार बोटे जाड, पिवळसर राखाडी, आणि उचलताना दोन धडधाकट माणसांना कण्हायला लावणारा. माझ्या अंगावर चित्र काढत आणि त्याच्या शेकडो प्रती कागदावर उतरवत. म्हणजे तुमच्या झेरॉक्स यंत्राचा मी खापरपणजोबाच म्हणा ना.

माझे काम तेल आणि पाणी यांच्या भांडणावर चाले. मेण, साबण आणि काजळी यांच्या तेलकट खडूने माझ्यावर चित्र काढायचे, वरून डिंकपाण्याचा हात फिरवायचा, मग ओल्या अंगावर शाईचा रूळ फिरवायचा. जिथे खडू लागला तिथेच शाई बसे, बाकीचा मी कोरा. कागद ठेवून दाब दिला की चित्र तयार! मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कागदावर सगळे उलटे उतरते. डावे ते उजवे होते. म्हणून माझ्यावर अक्षर काढायचे तर ते आरशात दिसते तसे, उजवीकडून डावीकडे, उलटे काढावे लागते. काम संपले की वाळू आणि पाणी घालून माझे तोंड घासायचे आणि नवे चित्र काढायला घ्यायचे. असे किती चेहरे मी घातले आणि उतरवले, त्याची गणतीच नाही.

आमचा छापखाना म्हणजे एक लांबलचक खोली. दोन खिडक्या, मधोमध दाबयंत्र, आणि आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेले ओले कागद. मालकाला सगळे दादा म्हणत. यंत्राचा दांडा ओढायचे ते काका. एका कानाने पार बहिरे, आणि दुसऱ्यानेही सोयीचे तेवढेच ऐकणारे. दगड घासायला होती दादाची धाकटी बहीण. आईवडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरात आणि छापखान्यात तिला धाकटी म्हणूनच हाक मारत. "धाकटे, पाणी आण! धाकटे, वाळू चाळ!" खरे नाव कागदोपत्री लागण्याची वेळच तिच्यावर कधी आली नाही. तिला शाळेत कोण घालणार?

मला घासता घासता ती माझ्यावरची अक्षरे बघत बसे. कोणती खूण कोणत्या जाहिरातीत येते, हे काकांना विचारून घेई. पोरगी अशी वाचायला शिकली! पण शिकली ती उलटी अक्षरे. सरळ अक्षर दिसले की ती बिचारी गोंधळून जाई.

ती चौदा वर्षांची असताना छापखान्याच्या चित्रकाराचे डोळे गेले आणि तो काम सोडून गावी निघून गेला. साबणाच्या वेष्टनाचे काम दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दादा नवा चित्रकार शोधायला वणवण फिरून दुपारी परतला, तो माझ्यावर फुलांचा अख्खा वेल काढून तयार! पाकळ्यांवर छटा, पानांवर शिरा, आणि खाली साबणाचे नाव झोकात. दादा माझ्याभोवती दोनदा फिरला. 

"हे कुणी काढलं?"

"मी," धाकटी म्हणाली. "चुकलं का रे काही?"

दादाने दार लावून घेतले. "कुणाला सांगू नकोस. पोरीबाळी चित्रं काढतात असं कळलं, तर या छापखान्याची पायरी कुणी चढणार नाही."

दादा दुष्ट नव्हता, मित्रांनो. ती तापाने फणफणली तेव्हा हा दोन दिवस जेवला नव्हता. पण तेव्हापासून पुढे बारा वर्षे चित्रे तिने काढली आणि "वा दादा, काय हात आहे तुमचा!" हे कौतुक त्याने ऐकले. सुरुवातीला तो ओशाळे. मग नुसता हसू लागला. आणि मग, मला सांगायलाही कसेसेच होते, त्याला ते खरेच वाटू लागले.

एके दिवशी छापखान्यात मास्तरीणबाई आल्या. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या मुलींचा वर्ग चालवत. बोलणे मऊ, पण पाऊल मागे घेणाऱ्या नव्हेत. शहरातल्या चित्रशाळेत मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून त्यांना भिंतीवर लावायचे मोठे चित्र छापून हवे होते. दादा आतल्या खोलीत कागद मोजत होता, म्हणून बाईंनी कोनाड्यातली पाटी धाकटीपुढे केली.

"पत्ता लिहून घे ग. लिहिता येतं ना?"

धाकटीने पेन्सिल घेतली आणि बाई सांगत गेल्या तसा उजव्या टोकापासून झरझर पत्ता लिहिला. अख्खाच्या अख्खा उलटा! बाई पाटीकडे बघतच राहिल्या. त्यांनी पाटी खिडकीच्या काचेसमोर धरली. काचेत पत्ता सरळ दिसला, एकही चूक नाही.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. दगडावर वाचत गेले."

बाईंनी तिची काळी बोटे पाहिली, मग माझ्यावरचे अर्धवट चित्र पाहिले. त्यांना सगळे समजले. दादाला त्या काही बोलल्या नाहीत. जाताना एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी वर्गात यायचं. तुला सरळ लिहायला शिकवते." तीन महिन्यांत धाकटी दोन्ही बाजूंनी लिहू लागली.

बाईंसाठी तिने काढलेले चित्र मी जन्मात विसरणार नाही. चित्रशाळेचे बंद दार. पायरीवर बसलेली एक मुलगी. हातात कोळसा, आणि त्या कोळशाने ती बंद दारावरच एक उघडे दार काढते आहे. बस, एवढेच. शहरभर ते चित्र लागले. रस्त्यात माणसे थबकली. कुणी त्याला नमस्कार केला, कुणी त्याच्यावर शेण फेकले. पण न बघता पुढे गेला असा कुणी नव्हता.

आणि मग एक सकाळ अशी उजाडली की मी दगड असूनही चाट पडलो! चित्रशाळेचे प्राचार्य स्वतः छापखान्यात आले. गालभर मिशा, हातात काठी. दादाचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या बाईंची मागणी सोडा हो, तो निव्वळ खुळेपणा आहे. पण चित्र! अहो, काय चित्र आहे! आमच्याकडे शिळाचित्रणाचे शिक्षक म्हणून याल का?" ज्या शाळेत मुलींना पायरी चढू देत नव्हते, तिथे एका मुलीच्या चित्राच्या जोरावर तिच्या भावाला बोलावणे आले होते. आणि दादा चक्क हो म्हणाला!

अट एकच होती. शाळेच्या सभागृहात, शहरातल्या मान्यवरांसमोर, छपाई करून दाखवायची. दादाने ठरवले की चित्र घरून काढून न्यायचे आणि तिथे फक्त सही करून छापायचे. चित्र कुणाचे? खुद्द प्राचार्यांचे! धाकटीने त्यांना एकदाच पाहिले होते, तरी मिशीचा केस न् केस उतरवला. चित्र पुरे झाल्यावर ती म्हणाली,

"दादा, कोपऱ्यात माझं नाव घालू? अगदी बारीक. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"वेड लागलंय का तुला? नोकरी तर लागू दे. मग बघू."

"बारा वर्षं बघतोच आहोत," ती म्हणाली, आणि खडू खाली ठेवला. त्या दिवशी मला कळले की तिला मोठे काही नको होते. कोपऱ्यातली बोटभर जागा तिला हवी होती, आणि ती माझ्याकडे होती. मला ती देता येत नव्हती.

सभागृह खचाखच भरले होते. पुढे मान्यवर, मागे विद्यार्थी, आणि अगदी शेवटच्या बाकावर मास्तरीणबाई. मला यंत्रावर चढवले. काका दांड्याशी, धाकटी पाण्याची बादली आणि फडके घेऊन बाजूला. दादाने कोट झटकला, खडू उचलला आणि ऐटीत सही करू लागला. डावीकडून उजवीकडे! सरळ!

मित्रांनो, माझ्या तर काळजाचा ठोकाच चुकला. अक्षर उलटे काढावे लागते हे दादाला ठाऊक नव्हते असे नाही. इतकी वर्षे छापखाना चालवणारा माणूस तो. पण रोज ढीगभर कागदांवर सह्या करून त्याच्या हाताला एकच वळण पडले होते. दगडावर त्याने कधी एक रेघही ओढलेली नव्हती. टाळ्यांच्या धुंदीत हात आपल्या सवयीने धावला.

"दादा..." धाकटी हळूच म्हणाली.

"थांब ग. मध्ये बोलू नकोस."

तिने फडके पिळले. काकांनी सही पाहिली, धाकटीकडे पाहिले, डिंकपाण्याचा हात फिरवला, रूळ फिरवला, आणि दोन्ही कान बहिरे असल्यासारखा दांडा ओढला.

कागद वर उचलला. प्राचार्य हुबेहूब उतरले होते. आणि त्यांच्या कोटाखाली दादाची सही उलटी, आरशातली!

 मग मागून एक विद्यार्थी फिस्सकन हसला. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "गडबडीत झालं असेल," ते म्हणाले. "पुसा, आणि पुन्हा करा."

धाकटीने सही घासून काढली आणि दादाने पुन्हा खडू घेतला. पहिले अक्षर उलटे जमले. दुसऱ्याला हात अडला.  तोल सावरायला त्याने पंजा सरळ माझ्या अंगावर टेकवला. मित्रांनो, दगडावर काम करणारा माणूस जीव गेला तरी असे करत नाही. बोटांचे तेल लागले की तेही छापले जाते, म्हणून तो आडव्या फळीवर हात ठेवूनच लिहितो. प्राचार्यांनी ती पाच बोटे पाहिली.

"मग हे चित्र कुणी काढलं?"

दादाने मान खाली घातली.  धाकटी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. भावाचे घर, हेच तिचे घर. इथे तोंड उघडले तर संध्याकाळी जायचे कुठे, हे तिला समजत नव्हते थोडेच? तिने बादली खाली ठेवली.

"मी काढलंय. बारा वर्षं सगळी चित्रं मीच काढली. ते दारावरच्या दाराचंसुद्धा."

"बाईमाणसानं? शक्यच नाही!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडले.

तिने वाळूची चिमूट घेतली. सही आणि बोटांचे ठसे घासून काढले, फळी आडवी ठेवली आणि आपण घरी पत्र लिहितो त्याहून भरभर, उजवीकडून डावीकडे, एकच शब्द लिहिला. काकांनी रूळ फिरवला आणि असा दांडा ओढला की यंत्र करकरले. कागद वर आला. प्राचार्यांच्या चित्राच्या कोपऱ्यात, सरळ आणि ठसठशीत, लिहिले होते: धाकटी.

"हे काय नाव झालं?" प्राचार्य कसेबसे म्हणाले.

"घरात याच नावानं हाक मारतात. याच हाकेला ओ देऊन कामं केली. चित्रांवरही हेच असू दे."

प्राचार्यांनी घसा खाकरला. "हे पहा, हात उत्तम आहे, नाकारत नाही. पण आमच्या नियमांत बायकांना जागा नाही. विद्यार्थिनी म्हणून नाही, मग शिक्षिका म्हणून तर..."

मागच्या बाकावरून मास्तरीणबाई उठल्या. "हरकत नाही. एवढंच लिहून द्या. धाकटी ते या दगडावर घेईल आणि आम्ही गावभर लावू. चित्र आहेच तयार, तुमचंच!"

अख्खे सभागृह हसले. प्राचार्यांच्या मिशा मात्र हलल्या नाहीत.

धाकटी घरातून निघाली ती एक पेटी आणि मला घेऊन. "दुसरं काही नको, दादा, हा दगड तेवढा दे," ती म्हणाली. दादाने मला गाडीत चढवायला हात लावला, पण वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बाईंनी कुठूनसे एक जुने दाबयंत्र आणून ठेवले आणि माझ्याभोवती सात मुली बसू लागल्या. पुढच्या आठ महिन्यांत शहराच्या भिंतींवर इतकी चित्रे लागली, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तीच सही, की चित्रशाळेने शेवटी दार उघडले. पहिल्या वर्षी चार मुली आत गेल्या. त्यांना शिकवायला कोण होते, ते तुम्ही ओळखलेच असेल.

मग नवी यंत्रे आली आणि माझे दिवस सरले. धाकटीनंतर मी अडगळीत गेलो. बरीच वर्षे माझ्यावर पाण्याचा माठ होता, कुणी माझ्यावर चाकूला धार लावली. परवा मला शोधून काढले, धुतले, पुसले आणि चित्रशाळेच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवले. मला केवढा आनंद झाला! समोर एक छापील कार्ड होते. काचेत त्याचे प्रतिबिंब पडे, ते मी सावकाश वाचले.

"शिळाछापाचा दगड. यावर छापखान्याचे मालक स्वतः चित्रे रेखाटत. त्यांच्या भगिनी त्यांना कामात मदत करीत."

मदत! सभागृहात बसला तो धक्का या धक्क्यापुढे काहीच नव्हता. दादाने स्वतः मान खाली घातली होती, शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही कुणीतरी जुन्या जाहिरातींवरचे मालकाचे नाव उतरवून घेऊन मोकळे झाले. रोज माणसे येतात, ते वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या पेटीकडे जातात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, आमच्यावरची धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ राहिली तरी चालेल. दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली असते, तिच्यात प्रत्येकाने एक ओळ लिहा: ही चित्रे धाकटीने काढली. वही भरली की त्यांना ते कार्ड बदलावेच लागेल. मीच लिहिले असते हो, पण मी पडलो दगड. माझ्यावर लिहितात, मला लिहिता येत नाही.